उंचावरच्या हवेतलं जेटिंग : होंडा ४००ईएक्सच्या कार्बोरेटरचं एक प्रकरण

गाडी होती होंडा टीआरएक्स४००ईएक्स, २००२ चं मॉडेल. इथे कोलोरॅडोत एटीव्हीला, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या चारचाकी बाइकला, सगळे 'क्वाड'च म्हणतात. ३९७ सीसीचं एकच सिलिंडर, हवेनं थंड होणारं. इंजिनाचं मूळ होंडाच्याच एक्सआर४००आर या डर्ट बाइकमध्ये. १९९९ साली बाजारात आलेल्या या क्वाडला केहिन कंपनीचा ३८ मिलिमीटरचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आहे. इंजेक्शन नाही, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे जुनी असूनही ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये हातानं नीट करता येते. याच कारणासाठी ती मला फार आवडते.

मालक सांगलीकडचा एक तरुण, डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात नोकरीला. त्यानं गाडीत तीन बदल केले होते. मूळ सायलेन्सर काढून बाजारातला मोकळा सायलेन्सर बसवला, फोमच्या फिल्टरऐवजी धुवून वापरायचा कापडी फिल्टर लावला आणि एअरबॉक्सचं, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याचं, झाकण काढून टाकलं. सोबत एक जेट किटही घेतलं होतं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा तुकडा; योग्य मापाचा जेट निवडणं म्हणजे जेटिंग. त्यातल्या कागदावर लिहिलेलं : सायलेन्सर बदललेला आणि झाकण उघडं असेल तर मेन जेट १६५, पायलट जेट ४२, सुईची (मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणाऱ्या निमुळत्या काडीची) क्लिप वरून चौथ्या खाचेत. त्यानं मेन जेट आणि सुई बदलली. पायलट जेट अरुंद जागेत खोलवर असतो, म्हणून मूळचा ३८ तसाच ठेवला.

तक्रारी दोन होत्या. चढावर थ्रॉटलचं अंगठ्यानं दाबायचं पातं पूर्ण दाबलं की इंजिन भडभडायचं, रेस वर चढायचीच नाही, मागे काळसर धूर. आणि उतारावर अंगठा सोडला की सायलेन्सरमधून फटाके. शिवाय गाडी उभी केल्यावर रेस लगेच खाली यायची नाही, दोन-तीन सेकंद लटकून मग उतरायची.

"दादा, फटाके वाजतात म्हणजे मिश्रण लीन आहे ना?" त्यानं विचारलं. "मी १७० नंबरचा जेट मागवलाय. तुम्ही बघता का बसवून?"

फटाके आणि लटकणारी रेस ही लीन मिश्रणाची, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडत असल्याची लक्षणं आहेत, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण काळा धूर आणि भडभड याच्या नेमकी उलटी, पेट्रोल जास्त म्हणजे मिश्रण रिच होत असल्याची. एकाच गाडीत दोन्ही कसं? उत्तर अंगठ्याच्या जागेत आहे. फटाके वाजतात तेव्हा थ्रॉटल बंद असतो आणि त्या वेळी मेन जेटचं काम जवळपास शून्य असतं. तिथे पायलट जेट आणि त्याचा स्क्रू यांचं राज्य. तिथून पुढे पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) खालच्या तिरक्या कापाचा प्रभाव, पाव ते पाऊण सुईचा, आणि पाऊणच्या वर मेन जेटचा. हे पट्टे एकमेकांत थोडे मिसळलेले असतात, पण १७० चा जेट टाकून बंद थ्रॉटलचे फटाके थांबले नसते. वरची भडभड मात्र आणखी वाढली असती.

झाकण काढल्यावर नेमकं काय होतं

'हवा जास्त आली म्हणून पेट्रोल कमी पडलं' असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या निमुळत्या गळ्यातून, हवा जास्त वेगानं गेली की कार्बोरेटर आपोआप पेट्रोलही जास्त ओढतो. तो बनवलेलाच त्यासाठी आहे. मग झाकण काढल्यावर मिश्रण लीन का होतं?

फ्लोट चेंबरमधल्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या छोट्या वाटीतल्या, पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि व्हेंचुरीत दाब कमी असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर चढतं. आता एअरबॉक्स झाकणबंद असेल आणि हवा छोट्या तोंडातून ओढावी लागत असेल, तर कार्बोरेटरच्या तोंडाशीच दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी झालेला असतो. ही वाढीव ओढ जेटला फुकट मिळत असते आणि कंपनीनं जेटचा नंबर ती धरूनच ठरवलेला असतो. झाकण काढलं, मोकळा फिल्टर लावला, की ही ओढ जाते. हवा वाढली, पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही. ही तूट सगळ्यात जास्त जाणवते ती पूर्ण थ्रॉटलला, कारण हवेचा प्रवाह तिथे सर्वाधिक. बंद थ्रॉटलला एअरबॉक्समधून इतकी कमी हवा जाते की झाकण असलं काय नि नसलं काय, पायलट जेटला फारसा फरक पडत नाही. म्हणूनच खालच्या लीनपणाचं कारण मला फिल्टरमध्ये दिसत नव्हतं.

कळसूबाईच्या माथ्यावरचं शहर

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. डेन्व्हर शहर १,६०९ मीटरवर आहे, म्हणजे इथला माणूस दूध आणायला निघतो तोच जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर. हा मुलगा क्वाड चालवायचा ती रॅम्पार्ट रेंजमध्ये, डेन्व्हरच्या नैऋत्येला पाइक नॅशनल फॉरेस्टात. तिथल्या वाटा आणखी उंच. वरच्या भागात साधारण २,७०० मीटर.

प्रमाणित वातावरण धरलं तर समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेची घनता डेन्व्हरला सुमारे ८५ टक्के आणि २,७०० मीटरवर सुमारे ७६ टक्के उरते. पेट्रोल मात्र घनतेच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तर घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होतं. म्हणजे २,७०० मीटरवर हवा २४ टक्के घटली, पण पेट्रोल घटलं फक्त १३ टक्के. परिणामी तोच जेट, त्याच गाडीत, काहीही न बदलता, डेन्व्हरला ८ टक्के आणि डोंगरावर १४-१५ टक्के रिच चालतो.

किटच्या कागदावर उंचीबद्दल एक ओळ होती, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. वरचे आकडे समुद्रसपाटीचे होते.

हिशेब कागदावर मांडला. केहिनच्या मेन जेटचा नंबर साधारणपणे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, आणि पेट्रोलचा प्रवाह भोकाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. या गाडीतून निघालेला मूळ जेट १४८ चा होता. १४८ वरून १६५ म्हणजे नंबरात १७ चा फरक, पण क्षेत्रफळात २४ टक्क्यांची वाढ. किटवाल्यांचा आकडा समुद्रसपाटीला बरोबर आहे असं धरलं, तर डोंगरावर त्यातून १३ टक्के क्षेत्रफळ परत काढून घ्यायला हवं. १६५ ला ०.७६ च्या चौथ्या मुळानं (पेट्रोलसाठी घनतेचं वर्गमूळ, व्यासासाठी त्याचं पुन्हा वर्गमूळ) गुणलं की साधारण १५४ येतात. डेन्व्हर शहरासाठी तसंच करून १५८.

थोडक्यात, नव्या सायलेन्सर-फिल्टरनं गाडीला जेवढं जास्त पेट्रोल मागायला लावलं, त्यातलं निम्म्याहून जास्त उंचीनं आधीच देऊन ठेवलं होतं. हिशेबानं मूळच्या १४८ वरून सहा-सात नंबरांची वाढ पुरणार होती. १६५ तर फार पुढचा झाला. हा कागदी हिशेब मी शेवटचं उत्तर मानत नाही. चाचणी कुठून सुरू करायची एवढं त्यातून कळतं, आणि तेवढ्यानं बराच वेळ वाचतो.

आधी गळती

कार्बोरेटरला हात लावण्याआधी गाडी ज्या स्थितीत कायम चालणार आहे त्या स्थितीत आणली. त्यानं सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी आणि आवाज कमी करणारं आतलं नळकांडं दोन्ही काढून ठेवली होती. ती परत बसवायला लावली. नॅशनल फॉरेस्टात ठिणगीची जाळी सक्तीची आहे आणि ती असायलाच हवी : २००२ च्या हेमन वणव्यात याच डोंगररांगेच्या पश्चिमेला सुमारे १,३८,००० एकर जळालं. तो वणवा क्वाडमुळे लागला नव्हता, पण इथल्या पाइनच्या सुक्या पानांना किती थोडी आग पुरते हे त्यानं दाखवलं. आवाजाची मर्यादाही कोलोरॅडोच्या कायद्यात आहे, १९९८ पासून बनलेल्या अशा वाहनांना ९६ डेसिबल, सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर मोजून. जेटिंग आधी करून जाळी मागाहून बसवली, तर हवेची वाट पुन्हा बदलते आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

मग गळती शोधली. नवा सायलेन्सर पाइपवर जिथे सरकवून क्लॅम्प लावला होता, तिथे काजळीचे काळे ओघळ. तिथून थ्रॉटल बंद असताना बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि पाइपमधलं न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेट घेत होतं. जोड साफ करून, उष्णता सहन करणारा सीलंट लावून क्लॅम्प पुन्हा आवळला. फटाके निम्म्यावर आले.

लटकणारी रेस तशीच होती. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्या मधल्या रबरी तोंडावर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला. वरच्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला मारताच इंजिनाचा आवाज बदलला. फवारा ज्वलनशील असतो, त्यामुळे हे मोकळ्या हवेत आणि तापलेल्या पाइपपासून दूर राहूनच करायचं, शेजारी अग्निशामक ठेवून. रबर काढून वाकवल्यावर आतल्या बाजूला बारीक भेगा दिसल्या. वीस वर्षांचं रबर, कोलोरॅडोची कोरडी हवा, आणि जेट बदलताना कार्बोरेटरला दिलेले पीळ. नवीन रबर बसवलं आणि रेस अंगठा सोडताक्षणी खाली येऊ लागली.

खालचा लीनपणा जेटचा नव्हताच. किटमधला ४२ चा पायलट घातला असता, तर भेगेतून येणाऱ्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल कदाचित मिळालं असतं, फटाकेही थांबले असते, आणि भेग मात्र हळूहळू वाढत राहिली असती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाचं वाटलं ते हेच, कारण जेट बदलून झाकलेली गळती पुढे इंजिन खाते.

फ्लोटची पातळी तपासली, व्हॉल्व्हचा गॅप तपासला, दोन्ही ठीक.

पायलट स्क्रूसाठी इंजिन चांगलं तापवून घेतलं. या कार्बोरेटरचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे तो पेट्रोलचा : बाहेर काढला की मिश्रण रिच होतं. फिल्टरच्या बाजूला स्क्रू असेल तर तो हवेचा आणि गणित उलटं. हलक्या हातानं पूर्ण आत टेकवला, मग पाव-पाव फेरा बाहेर काढत रेस सगळ्यात उंच आणि एकसारखी कुठे लागते ते ऐकलं. दोन फेऱ्यांच्या आसपास लागली. अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं असतं तर पायलट जेट लहान म्हटला असता, एका फेऱ्याच्या आत असतं तर मोठा. दोन म्हणजे ३८ योग्य. किटमधला ४२ पुडीतच राहिला.

डोंगरावर

मेन जेटची चाचणी गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर रेस देऊन होत नाही. इंजिनावर भार पाहिजे, आणि जिथे गाडी चालणार तीच हवा पाहिजे. रॅम्पार्ट रेंजवर एका लांब, सरळ, दोन्हीकडचं स्पष्ट दिसेल अशा चढावर हे केलं. थ्रॉटलच्या खोक्यावर आणि अंगठ्याच्या पात्यावर पांढऱ्या टेपच्या खुणा लावल्या : पाव, अर्धा, पाऊण. अंगठ्यानं चालवायच्या थ्रॉटलचा एकूण प्रवास इतका छोटा असतो की अर्धा समजून माणूस सहज पाऊण दाबतो आणि मग दोष भलत्याच भागाला लावतो. खुणा असल्या की बोलणं नेमकं होतं.

सोबत जेट होते १५८, १५५ आणि १५२. कार्बोरेटर पूर्ण न काढता दोन्ही क्लॅम्प सैल करून तो आडवा फिरवला, पेट्रोलचा कॉक बंद केला, चेंबरमधलं पेट्रोल बाटलीत काढलं. कार्बोरेटरचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या चौफुली स्क्रूड्रायव्हरनं त्यांची डोकी झिजतात, तेव्हा योग्य पेचकस घेतलेला बरा. जेट पितळी असतो. तो टेकला की थांबायचं, ताकद लावायची नाही.

१५८ ला धूर गेला, पण शेवटच्या टप्प्यात इंजिन अजून जड वाटत होतं. पूर्ण थ्रॉटलवरून अंगठा किंचित मागे घेऊन पाहायचं असतं : तेवढ्यानं जोर स्पष्ट वाढला तर मेन जेट लीन, अडखळलं तर रिच. १५८ ला अडखळत होतं. १५५ ला रेस स्वच्छ वर गेली आणि अंगठा मागे घेताना जोर जेमतेम वाढल्यासारखा वाटला. हेच हवं होतं, तरी १५२ ही टाकून पाहिला. लीनची कड कुठे आहे हे प्रत्यक्ष कळल्याशिवाय आपण तिच्यापासून किती दूर आहोत ते समजत नाही. १५२ ला अंगठा मागे घेताच गाडी पुढे झेपावली. लगेच थांबवलं. हवेनं थंड होणारं इंजिन लीन मिश्रणावर पूर्ण थ्रॉटलला फार वेळ चालवायचं नसतं.

पुन्हा १५५, नवीन प्लग, चढावर पूर्ण थ्रॉटल, मग एकाच वेळी क्लच आणि किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण. थंड झाल्यावर प्लग काढून त्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी पाहिलं. आजच्या पेट्रोलला टोकाच्या रंगावर विसंबता येत नाही. मुळाशी असलेलं काजळीचं वलय काय ते सांगतं. ते पातळ आणि तपकिरी होतं. हिशेबातले १५४ आणि चढावरचे १५५ इतके जवळ आले याचा मला मनापासून आनंद झाला.

सुईचं काम तासाभरात उरकलं. चौथ्या खाचेत अर्ध्या थ्रॉटलला गाडी सुस्त होती. क्लिप तिसऱ्या खाचेत, म्हणजे एक खाच वर नेली, तशी सुई खाली उतरली, मिश्रण थोडं लीन झालं आणि वळणातून बाहेर पडतानाचा पिकअप मोकळा झाला. दुसऱ्या खाचेत गाडी एकसारख्या थ्रॉटलवर हेलकावे घेऊ लागली, म्हणून तिसरी कायम.

मुलगा एक फेरी मारून आला. "दादा, आता चालते मस्त. पण माझ्या टेक्सासच्या मित्राची हीच गाडी याच्यापेक्षा जास्त ओढते."

ओढणारच. त्याचा मित्र समुद्राजवळ राहतो. २४ टक्के हवा कमी म्हणजे ढोबळमानानं तेवढीच ताकद कमी, आणि कुठलाही जेट नसलेली हवा आणून देत नाही. जेटनं एवढंच साधतं की जी हवा आहे तिला पुरेसं आणि योग्य पेट्रोल मिळतं. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नवा सायलेन्सर ही तूट भरून काढेल असं त्याला वाटत होतं.

खाली उतरताना

खरा धोका उलट्या दिशेला होता. थंडीत मित्रांबरोबर कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल वाळूच्या टेकड्यांवर, ग्लॅमिसला, जायचा त्याचा बेत होता. तिथली उंची समुद्रसपाटीपासून फारशी नाही. १५५ चा जेट तसाच ठेवून वाळूत उतरला असता तर मिश्रण डोंगरावरच्या तुलनेत १३ टक्के लीन झालं असतं, तेही वाळूवर, जिथे चाकं रुतू नयेत म्हणून मिनिटच्या मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्यावा लागतो. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचा पिस्टन वितळायला एवढं पुरतं. रिच मिश्रण प्लग काळा करतं आणि पेट्रोल खातं. लीन मिश्रण इंजिन मोडतं. शंका असेल तेव्हा रिचकडे झुकावं ते यासाठी.

तापमानाचाही असाच परिणाम होतो, फक्त लहान. ३० अंशांवरून शून्यावर आलं की हवा ११ टक्के दाट होते आणि मिश्रण साधारण ५ टक्के लीन, म्हणजे मेन जेटचे साधारण चार नंबर. डोंगरावर ऑक्टोबरच्या सकाळी त्यानं १५८ टाकायचा, उन्हाळ्यात १५५, असं ठरवून दिलं.

ग्लॅमिसला त्यानं किटमधला तोच १६५ बसवला, क्लिप चौथ्या खाचेत. तिथून फोन आला : काळा धूर नाही, रेस स्वच्छ, प्लगचं वलय तपकिरी. समुद्रसपाटीसाठी लिहिलेला कागद समुद्रसपाटीच्या हवेत बरोबर निघाला. फक्त परत येताना, ट्रेलरवर चढवण्याआधीच १५५ आणि तिसरी खाच, हे त्याला बजावून सांगितलं आणि त्यानं ते केलं.

एक मुद्दा आमच्यात अजून सुटलेला नाही. रॅम्पार्टची जमीन म्हणजे झिजलेला ग्रॅनाइट, पायाखाली खरखरीत भुगा. उघड्या एअरबॉक्समध्ये ती धूळ थेट फिल्टरवर जाते आणि कापडी फिल्टरचं तेल कमी झालं की पुढे इंजिनातही. माझं मत असं की डोंगरात झाकण परत लावावं, हवं तर त्याला मोजकी भोकं पाडून, आणि मेन जेट १५० पासून पुन्हा तपासत यावं. जाईल ती ताकद थोडी असेल, वाचेल तो पिस्टन आणि सिलिंडर. त्याला अजून उघड्या तोंडाचा आवाज सोडवत नाही. तोवर प्रत्येक फेरीनंतर फिल्टर धुवायचा, तेल लावायचं आणि फिल्टरच्या मागच्या तोंडात बोट फिरवून धूळ लागते का ते पाहायचं, एवढं त्यानं कबूल केलंय.